गियरचा इतिहास, न्यूट्रलवाल्यांसाठी

आमच्या नातेवाइकांत कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अ‍ॅव्हरेज किती देते?" रंग, किंमत, डिकीत किती बॅगा मावतात, हे सगळं नंतर. मग सल्ले सुरू होतात. लवकर टॉप टाक. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. आणि उतार लागला की सरळ न्यूट्रल कर, तेवढे किलोमीटर फुकट.

हा शेवटचा सल्ला गेल्या वर्षभरात मी तीन घरांत ऐकला. एका घरात तो देणारा बावीस वर्षांचा होता आणि ज्याच्याकडून तो शिकला ते त्याचे आजोबा आता हयात नाहीत. म्हणजे दागिन्यांसारखा हा सल्लाही वारशाने चाललाय. आमच्याकडची अर्धी मंडळी साताऱ्यात, अर्धी चिपळुणात. मध्ये कुंभार्ली घाट. म्हणून हा लेख.

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. बीए, तेही मराठी माध्यमातून. त्यामुळे बाई आता यंत्रांवर लिहायला लागल्या म्हणून कुणी हसेल तर हसू दे. गाडी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकले, ड्रायव्हिंग स्कूलच्या पद्मिनीवर. तिचा गियरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या मानेला होता, आणि शिकवणारे मास्तर "बाई, ऐका तिचं, ती सांगते गियर कधी बदलायचा" असं म्हणायचे. ती नेमकं काय सांगते हे समजून घ्यायला मला पुढे बरीच वर्षं वाचन करावं लागलं. त्या वाचनातलं थोडंसं इथे देते.

सुरुवात सायकलपासून करू. समजा पायडलच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चाकाच्या चक्राला २२. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक दोनदा फिरतं. वेग मिळतो, पण पायाला जोर जास्त लागतो. मागचं चक्र ४४ दात्यांचं केलं तर एका फेरीला एकच फेरी. पाय हलका पडतो, पण सायकल रखडते. दात्यांच्या या गुणोत्तरातून तुम्ही वेग घ्या नाहीतर जोर घ्या, दोन्ही एकदम मिळत नाहीत. बाजारातला सौदाच म्हणा. दुकानदार पदरचं काही देत नाही, उलट हाताळणीत थोडंसं घर्षणापायी कापून घेतो.

मोटारीला हा सौदा करावाच लागतो, कारण पेट्रोलचं इंजिन मोठं नखरेल आहे. बैल थांबल्या जागेवरून गाडी ओढतो. वाफेचं इंजिनही उभ्या जागी पूर्ण जोर लावतं, म्हणून आपल्या जुन्या आगगाड्यांच्या इंजिनांना गियरबॉक्स नसायचा. पेट्रोलचं इंजिन तसं नाही. ते मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की आचके देऊन बंद पडतं. फार पळवलं तर पेट्रोल पितं आणि झिजतं. मधल्या एका पट्ट्यात ते खूश असतं. चाकांना मात्र शून्यापासून शंभरच्या वेगापर्यंत कुठेही फिरावं लागतं. या दोघांचा संसार जुळवून द्यायचं काम गियरकडे आलं.

आकड्यात सांगते. लहान मोटारीचं चाक एका फेरीत साधारण पावणेदोन मीटर जातं. ताशी ६० चा वेग म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे ५७० फेऱ्या. इंजिन त्या वेळी २००० फेऱ्यांवर हवं असेल तर इंजिनाच्या साडेतीन फेऱ्यांना चाकाची एक, असं गुणोत्तर ठेवावं लागेल. हा झाला टॉप गियर. आता हेच इंजिन त्याच २००० फेऱ्यांवर ठेवून गुणोत्तर पंधरास एक करा. गाडी जेमतेम ताशी १४ ने जाईल, पण चाकाशी जोर चौपटीहून अधिक होईल. हा पहिला गियर. या दोन टोकांच्या मध्ये किती पायऱ्या ठेवायच्या, यावरच गेली सव्वाशे-दीडशे वर्षं वाद चाललाय.

वादाची सुरुवात एका बाईने केली, आणि तिचं नाव गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असायला हवं. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ ला जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट मागितलं. इंजिन पाऊण अश्वशक्तीच्या आसपास, वेग ताशी १६ किलोमीटर. यंत्र उत्तम होतं, पण कार्लसाहेब पडले संकोची. गाडी गावाबाहेर न्यायचा धीर होईना. त्यांची बायको बेर्था. हिने लग्नाआधीच आपल्या वाट्याचे पैसे त्यांच्या धंद्यात घातले होते. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे नवऱ्याला न सांगता तिने गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांची दोन मुलं, ऑइगन आणि रिखार्ड, बरोबर घेतली आणि मानहाइमहून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला निघाली. तिकडे तिची आई राहायची. माहेरी जायला मोटार काढणारी जगातली पहिली लेक!

वाटेत पेट्रोल पंप कुठला असणार? वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचं द्रावण विकत घेतलं, ते त्या काळी डाग काढायला वापरत. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. पण गियरच्या दृष्टीने महत्त्वाच्या घटना दोन. चढ आला की गाडी दम टाकायची आणि मुलांना उतरून ढकलावं लागायचं. आणि उताराला लाकडी ब्रेक झिजून जायचे, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. घरी परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक हळू गियर हवा. तो बसवलाही गेला.

मला या हकीकतीत पेट्रोलपेक्षा, पिनेपेक्षा हे जास्त आवडतं की तिने चढ आणि उतार हे दोन्ही प्रश्न एकाच प्रवासात पाहिले. पुढच्या इंजिनिअरांचं लक्ष बराच काळ चढावरच खिळलेलं होतं. उतार ब्रेकवर सोडून दिला होता.

फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोरने १८९१ च्या सुमारास जी मांडणी केली तीच पुढे जगभर रूढ झाली. इंजिन पुढे, मग क्लच, मग गियरबॉक्स, आणि मागची चाकं चालती. त्याच्या गियरबॉक्समध्ये वेगवेगळ्या आकाराची दातेरी चाकं एका दांड्यावर सरकवून समोरच्या चाकांत घुसवायची. घुसताना कर्रर्र आवाज. ही पद्धत रानटी आहे पण चालते, असं तो स्वतःच म्हणायचा असं सांगतात. चालली मात्र खरी. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा ११७८ किलोमीटरच्या शर्यतीत तो जवळजवळ अखंड ४८ तास गाडी चालवत राहिला आणि सरासरी ताशी २४ चा वेग राखला. तेव्हाचे रस्ते आठवून बघा.

मग आला लुई रेनॉ. वय एकवीस. त्याने द दियों-बुतोंची एक तीनचाकी घेतली, घरच्या बागेतल्या शेडमध्ये तिची चारचाकी केली आणि स्वतःचा गियरबॉक्स बसवला. २४ डिसेंबर १८९८ ची रात्र, नाताळची आदली संध्याकाळ. मित्रांशी पैज लागली की मोंमार्त्र टेकडीवरची र्‍यू लपिक ही गल्ली तो गाडीने चढेल. चढ १३ टक्के, म्हणजे शंभर मीटर गेलं की तेरा मीटर वर. इंजिन पावणेदोन अश्वशक्तीचं. गाडी चढली, आणि त्या रात्री बारा गाड्यांच्या ऑर्डरी मिळाल्या.

लोक चढ बघून भुलले, पण रेनॉची खरी करामत टॉप गियरमध्ये होती. आधीच्या गाड्यांत कुठल्याही गियरला जोर दात्यांमधून, साखळ्या-पट्ट्यांमधून जायचा आणि वाटेत थोडाथोडा सांडायचा. रेनॉने तिसऱ्या गियरला इंजिनाकडचा दांडा आणि चाकांकडे जाणारा दांडा सरळ एकमेकांत अडकवून टाकले. इंजिनाची एक फेरी म्हणजे दांड्याची एक फेरी. मधले दाते रिकामे. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. १८९९ मध्ये त्याने पेटंट मागितलं. इंधनाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण सपाटीवर गाडी बहुतेक वेळ टॉपमध्येच असते. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं "टॉप म्हणजे एकास एक" हा जणू धर्मच झाला. आपली अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनी दोघीही त्याच धर्माच्या.

अमेरिकेत हेन्री फोर्डने उलटा विचार केला. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॉडेल टीला पुढे जायचे गियर फक्त दोन. इंजिन मात्र चांगलं २.९ लिटरचं आणि वीस अश्वशक्तीचं. थोडक्यात, मोठा बैल घ्या आणि जुवाची काळजी सोडा. पायाशी तीन पायडल आणि त्यातलं एकही अ‍ॅक्सिलरेटर नाही, तो हाताने. डावं पायडल दाबून धरलं की पहिला, पूर्ण सोडलं की टॉप, मध्ये न्यूट्रल. मधलं पायडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. चढावर सगळा वेळ डावा पाय दाबून बसायचं, पोटरीला गोळे येईपर्यंत.

आणि फारच उभा चढ असेल तर लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये टेकडी चढायचे! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थट्टा वाटली होती, पण हिशेब चोख आहे. मागच्या धुरीचं गुणोत्तर ३.६४. पहिल्या गियरचं २.७५. गुणाकार दहा. रिव्हर्सचं गुणोत्तर चार, त्याचा गुणाकार साडेचौदा. म्हणजे रिव्हर्समध्ये जोर जवळजवळ दीडपट. शिवाय पेट्रोलची टाकी सीटखाली असून पेट्रोल आपल्या वजनाने वाहत इंजिनाकडे यायचं. नाक वर करून चढताना ते पोचायचंच नाही, उलटं चढलं की पोचायचं. अशा दीड कोटी गाड्या १९२७ पर्यंत बनल्या. शेतकऱ्यांनी त्या घेतल्या, चालवल्या, आणि दोन गियरमध्ये अमेरिका पालथी घातली.

गियर वाढत गेले तसं ते बदलण्याचं दुखणं वाढलं. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांत घालायचे तर आधी गती जुळवायला हवी. त्यासाठी क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा ठोसा, पुन्हा क्लच आणि मग गियर. आपल्याकडच्या जुन्या ट्रक-ड्रायव्हरांच्या तोंडचा "डबल क्लच" तो हाच. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला, त्यात दाते भिडण्याआधी छोट्या शंकूंच्या घर्षणाने गती आपोआप जुळते. मोटारींना तो हळूहळू सगळीकडे आला. ट्रक-बशींना यायला बराच उशीर लागला. या उशिराचा एक परिणाम असा की घाटात खालचा गियर वेळेवर पडेल याची ड्रायव्हरला खात्री नसायची. उतारावर गियर सुटला आणि परत पडलाच नाही तर गाडी मोकळी. म्हणून जुने एसटीवाले घाटाच्या माथ्यावरच गियर टाकून घ्यायचे आणि नवशिक्याला सांगायचे, ज्या गियरने चढतोस त्याच गियरने उतर.

हे सगळेच पाळायचे असं नाही. १९८० च्या दशकातली गोष्ट. नववीची सहल घेऊन आम्ही प्रतापगड-महाबळेश्वर करून परत येत होतो. बस खाजगी, ठरवून घेतलेली. पाचगणी सोडून पसरणी घाटाला लागलो तेव्हा दिवस मावळत होता. मागे अंताक्षरी रंगली होती. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. दोन वळणं झाल्यावर एकदम शांत वाटलं. इंजिनाचा आवाजच नव्हता, नुसती टायरची सळसळ. त्याने न्यूट्रल करून इंजिन बंद केलं होतं. गाडी वजनाने घरंगळत होती आणि तो ब्रेकवर खेळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "रोजचंच आहे बाई."

पाचेक मिनिटांत जळका वास यायला लागला. मग त्याने ब्रेक दाबला आणि पाय खोल गेला. परत दाबला, परत खोल. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली. किल्ली फिरवून त्याने इंजिन चालू केलं, गियर टाकायचा प्रयत्न केला, दाते नुसते करकरले. पुढचं वळण डावीकडे होतं आणि उजवीकडे कठड्यापलीकडे वाईच्या बाजूचे दिवे. त्याने बस डोंगराच्या अंगाला गटारात घातली. पत्रा खरवडत शंभरएक फूट जाऊन ती थांबली. दोन काचा गेल्या, एका मुलीचं कोपर सोललं. बाकी सगळी पोरं धडधाकट. काहींना तर मजा वाटली. क्लीनर उडी मारून चाकांखाली दगड लावत होता आणि चाकांमधून धूर येत होता.

ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवायला लागला तर काडी धरवेना. मी रागाने बोलायला गेले होते, पण तो आपणहूनच म्हणाला, "डिझेल मोजून देतात बाई. वाचलं तर माझं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. अठ्ठेचाळीस मुलं एका बाजूला आणि दोन-अडीच लिटर डिझेल दुसऱ्या बाजूला. पण पोट हातावर असलेल्या माणसाने हा हिशेब मनात केलेला नसतो, त्याला फक्त उरलेलं डिझेल दिसतं.

तो हिशेब आता करू. आमच्या शेजारी निवृत्त पदार्थविज्ञानाचे सर राहतात, त्यांच्याकडून आकडेमोड तपासून घेतली आहे. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. माणसांसकट बस आठ टन धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते तिने सव्वाशे लिटरहून जास्त पाणी नळाच्या पाण्यापासून उकळीपर्यंत नेता येईल. थोडी हवेच्या विरोधात, टायरच्या घर्षणात जाते. बाकीची कुठेतरी जायलाच हवी. न्यूट्रलमध्ये तिला एकच जागा उरते, ब्रेक. ते तापतात, तापले की त्यांची पकड सुटते. आणि इंजिन बंद असेल तर ब्रेकला बळ देणारी हवा किंवा व्हॅक्यूम नव्याने तयार होत नाही. आहे तो साठा पाय मारून मारून संपवायचा.

गियरमध्ये असताना काय होतं? सौदा उलटा चालतो. चढताना इंजिन चाकांना फिरवत होतं, उतरताना चाकं इंजिनाला फिरवतात. पहिल्या गियरला चाकाच्या एका फेरीला इंजिनाला पंधरा फेऱ्या माराव्या लागतात. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, आत स्फोट नाहीत, तरी पिस्टन घासतायत, हवा ओढतायत, दाबतायत. या सगळ्या कुरकुरीतून गाडी मागे ओढली जाते आणि उष्णता ब्रेकऐवजी इंजिनात, रेडिएटरमध्ये, सायलेन्सरमधून बाहेर जाते. त्यासाठीच तर रेडिएटर ठेवलेला आहे. जेवढा खालचा गियर तेवढा मागचा ओढा जास्त. बेर्थाबाईंना चढासाठी हवा होता तसलाच हळू गियर उताराचाही आधार झाला.

आणि डिझेल? बशीच्या डिझेल पंपावर गव्हर्नर असतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आणि इंजिन आयडलिंगपेक्षा जोरात फिरतंय, असं झालं की तो डिझेल बंद करतो. म्हणजे गियरमध्ये उतरली असती तरी त्या घाटात तिने जवळजवळ काही डिझेल खाल्लं नसतं. त्याने वाचवलं असं त्याला वाटत होतं ते मुळात जळणारच नव्हतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला डिझेल मोजून देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसावं.

आता पेट्रोलच्या गाड्यांकडे वळते, कारण न्यूट्रलचा सल्ला आमच्याकडे तिथून आलाय, आणि त्यालाही जन्मतारीख आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासवरून बाराच्या जवळ गेला. आपल्याकडे पेट्रोल महाग झालं म्हणून नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. (बैलगाडीला गियर एकच, आणि उताराला गाडीवान बैलांना न्यूट्रल करत नाही, हे जाता जाता.) अमेरिकेने १९७४ मध्ये महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. १९७८ साली आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धनासाठी पीसीआरए ही संस्था निघाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा हा तिचा सल्ला आमच्या पिढीला पाठ आहे.

गियरबॉक्सवर याचा परिणाम मोठा झाला. रेनॉचा "टॉप म्हणजे एकास एक" हा धर्म मोडला. मुख्य चार गियरच्या वर पाचवा आला, ज्यात इंजिनापेक्षा दांडाच जास्त फिरतो. यात पेट्रोल का वाचतं? पेट्रोलच्या इंजिनात आपण अ‍ॅक्सिलरेटरने हवेच्या वाटेवरची एक झडप उघडतो. हलक्या पायाने चालवताना ती जवळजवळ मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची काही शक्ती वाया जाते. नाकाला चिमटा लावून जिना चढायला सांगितल्यासारखं. वरच्या गियरमध्ये इंजिन हळू फिरतं, मग तेवढंच काम करायला झडप जास्त उघडावी लागते, श्वास मोकळा होतो, आणि फेऱ्या कमी म्हणून घासणंही कमी. फोल्क्सवागनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला "फॉर्मेल ई" नावाच्या गाड्या काढल्या, त्यांचा शेवटचा गियर मुद्दाम लांब ठेवलेला. त्याचं नावच "३+ई", तीन गियर कामाचे आणि ई इकॉनॉमीचा. गियर कधी बदलायचा हे सांगणारा दिवाही त्यांत होता. आमच्या मास्तरांचं "ऐका तिचं" त्या जर्मनांनी दिव्यात घातलं.

पण लांब गियरची किंमत चुकवावी लागते. पाचव्यात ओव्हरटेक करायला जा, गाडी हलत नाही, कारण जोर विकून टाकलाय. म्हणून मग चौथा, तिसरा. आणि आमच्याकडच्या काही काटकसरी मंडळींसारखं ताशी तीसला पाचवा टाकून अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवला तर इंजिन आतून टकटक करायला लागतं, ओढ नसते आणि वाचत काहीच नाही. लवकर वरचा गियर हे बरोबर, पण इंजिन थरथरेपर्यंत नको.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली पद्मिनी म्हणजे मुळात १९६० च्या दशकातली इटलीची फियाट. १०८९ सीसी, चार गियर, कार्ब्युरेटर. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, म्हणजे ही गुणोत्तरं आपल्या डोळ्यांसमोर साठ वर्षं फिरत होती. या गाड्या उतारावर गियरमध्ये ठेवल्या तरी जोरात फिरणारं इंजिन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राहायचं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगपुरतं ओढायचं. तेव्हा आमच्या आजोबा-काकांच्या पिढीला न्यूट्रलमध्ये चार थेंब वाचल्याचं दिसलं ते खोटं नव्हतं. धोका मात्र तेव्हाही तेवढाच होता.

२००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम आले, कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं. आता छोटा संगणक पेट्रोल मोजतो. गाडी गियरमध्ये आहे, पाय वर आहे आणि इंजिन जोरात फिरतंय असं त्याला दिसलं की तो पेट्रोल पूर्ण तोडतो. शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं, लहान गाडीत साधारण तासाला अर्धा-पाऊण लिटरच्या हिशेबाने. म्हणजे आज न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा जास्त पेट्रोल जाळतो, आणि वर ब्रेक जाळतो. अगदी मंद, लांबलचक उतारावर मोकळी गाडी थोडी पुढे जाते आणि तिथे कदाचित चमचाभर वाचतंही, हे खरं. कुंभार्ली तसला उतार नाही.

खात्री करायची तर ज्यांच्या गाडीत चालू अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा आहे त्यांनी तो बघावा. गियरमध्ये, पाय वर ठेवून घाट उतरताना तो टोकाला जाऊन चिकटतो. चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने बघायचं. चालवणाऱ्याने रस्ता बघावा.

ज्यांनी विजेची गाडी घेतलीये (आमच्याकडे आता दोन आहेत) त्यांना वाटेल की आपण यातून सुटलो. विजेची मोटर उभ्या जागी पूर्ण जोर देते, बैलासारखी, आणि मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेऱ्याही मारते, म्हणून तिला बहुतेक गाड्यांत एकच ठरलेलं गुणोत्तर पुरतं. टेस्लाने आपल्या पहिल्या रोडस्टरला दोन गियर द्यायचं ठरवलं होतं, ते टिकेनात, शेवटी २००८ मध्ये गाडी एकाच गियरवर बाहेर पडली. उलट पोर्शने २०१९ च्या टायकानला मागच्या धुरीवर दोन गियर दिले. वाद संपलेला नाही. या गाड्या उतरताना मोटरचाच जनित्र करून बॅटरी भरतात, म्हणजे सव्वाशे लिटर पाणी उकळवणाऱ्या त्या ऊर्जेचा काही भाग परत खिशात येतो.

पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती ही वीज घेणार कुठे? मग मागचा ओढा कमी होतो आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो. तेव्हा महाबळेश्वरला हॉटेलात रात्री चार्जिंगला लावणाऱ्यांनी सकाळी ऐंशी-नव्वदलाच प्लग काढावा. उरलेल्यातलं थोडंसं पसरणी घाट भरून देईल.